पंधरा मिनिटांच्या पुढे

१

सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात. दिवसातून दोनदा आम्ही नवरा-बायको मिळून आमच्या सहा वर्षांच्या पोरीवर तुटून पडायचो. हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण दुसरा कुठलाही वापरला तर खोटेपणा होईल. तो तिचे दोन्ही हात पाठीमागे धरायचा. मी गुडघ्यांमध्ये तिचे पाय आवळायचे, डाव्या हातानं नाक चिमटीत धरायचे आणि श्वासासाठी तिनं तोंड उघडलं की चमचा आत खुपसायचे. चमचा हिरडीवर आपटायचा. कधी ओठ फुटायचा. मग ती सगळं माझ्या अंगावर ओकायची आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचो.

दुसरा इलाजच नव्हता. बिट्टीला फिट येतात. (तिचं कागदोपत्री नाव भारदस्त आहे, पण त्या नावानं तिला हाक मारली तर ती मागे वळून बघते की कोण आलंय.) औषध चुकलं की फिट. गेल्या वर्षी लागोपाठ दोन डोस उलटून पडले आणि तिसऱ्या दिवशी ती न्हाणीघरात कोसळली. पुढचे वरचे दोन दात मुळासकट गेले. डॉक्टर म्हणाले, "या वेळी दातांवर निभावलं. पुढच्या वेळी निभावेलच असं नाही." त्यानंतर औषध पाजताना आमचे हात थरथरायचे बंद झाले.

आणि मी पोटासाठी काय करते? औषधांचा कडूपणा झाकते. बावीस वर्षं झाली. कारखान्यात मला साखरबाई म्हणतात. जगभरच्या पोरांना मी खोकल्याचं औषध सरबतासारखं पाजलं आणि माझी स्वतःची पोर माझं पाऊल वाजलं की कपाटामागे लपायची.

२

आमच्या कारखान्यात खालच्या मजल्यावर फरशी पुसायचं, भांडी घासायचं असलं द्रव बनतं आणि वरच्या मजल्यावर औषधं. माझी टेबलं दोन. एकावर मी कडू गोष्टी गोड करते आणि दुसऱ्यावर छान वासाच्या गोष्टी कडू. लिंबाच्या वासाचं फरशीचं पाणी एखाद्या पोरानं तोंडाला लावलं तर पहिल्याच थेंबाला त्यानं थुंकलं पाहिजे, म्हणून त्यात कडू पदार्थ मुद्दाम घालावा लागतो. या हातानं पोरांना फसवायचं आणि त्या हातानं वाचवायचं, असं आमचे वजनवाले काका म्हणत.

काका वजनघरात बसायचे. प्रत्येक पावडर त्यांच्या तराजूवरून गेल्याशिवाय माझ्या टेबलावर येत नसे. निवृत्तीला वर्ष उरलेलं, जीभ मात्र विशीतली, दोन्ही अर्थांनी. चव चाखायला आम्ही तिघं असायचो: मी, काका आणि शिक्केबाई. शिक्केबाई म्हणजे तपासणी विभाग. सगळे फॉर्म त्यांच्या ताब्यात, आणि फॉर्मवर खाडाखोड दिसली की त्यांचा चेहरा कुणीतरी वारल्यासारखा व्हायचा.

दहा वाजता चाखायचं. बनवणारीनं आधी, हा नियम. घोट तोंडात घोळवायचा, वीस आकडे मोजायचे, स्टीलच्या बेसिनमध्ये थुंकायचं, चूळ भरायची. मग दर मिनिटाला कडूपणाला शून्य ते पाच असे गुण द्यायचे. कडूपणा आधी झाकला जातो, पण परत येतोच. साधारण चौथ्या मिनिटाला जिभेच्या मागून हळूच वर चढतो. आमचं सगळं कसब तो परत यायला उशीर करण्यात. फॉर्मवर रकाने पंधरा. पंधरा मिनिटांत परत आला नाही तर शेवटच्या रकान्यात '१५+' लिहायचं आणि नमुना पास. हा फॉर्म कुणी केला देव जाणे, पण सोळावा रकाना कुणाला कधी लागलाच नव्हता.

एक्केचाळिसावा नमुना मी बिट्टीच्याच औषधावर केला होता. चाळीस फसले होते. त्या दिवशी शिक्केबाईंचं घड्याळ वाजलं आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो.

"पंधरा अधिक," मी म्हणाले.

"पंधरा अधिक," काका म्हणाले.

"पंधरा अधिक," शिक्केबाई म्हणाल्या, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले.

काकांनी टाळ्या पिटल्या. मी बेसिन विसळायला गेले. तळाशी माझी थुंकी होती आणि शिक्केबाईंची. मी नीट पाहिलं. तिसरी नव्हती.

"काका, तुम्ही थुंकलात ना?"

"अगं," काका स्वतःच चकित झाल्यासारखे म्हणाले, "थुंकावंसंच वाटलं नाही बघ."

शिक्केबाईंनी त्यांना नियम ऐकवला. मी हसले. कडूजहर औषधाचा घोट माणूस आपण होऊन गिळतो, ही माझ्या धंद्यात तारीफ समजतात.

३

साहेबांची सही व्हायच्या आधीच मी एक बाटली पर्समध्ये घालून घरी आणली. चूक होती, मला माहीत होतं. त्यातला एकूण एक पदार्थ खाण्याजोगा म्हणून मान्य असलेला आहे, अशी मी मनाची समजूत घातली. आणि ते खरंही होतं.

बिट्टी कपाटामागे होती. मी चमचा दुरूनच पुढे धरला आणि म्हणाले, "फक्त जिभेचं टोक लाव." तिनं लावलं. मग चमचा रिकामा केला. मग चमचा चाटला. नवरा दाराशी उभा होता, नेहमीप्रमाणे तिचे हात धरायच्या तयारीनं. तो तिथेच मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. मग त्यानंही चमचा चाटून पाहिला आणि मला म्हणाला, "तुला सोन्यानं मढवायला पाहिजे."

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात सुख होतं. नवरा घरीच पुढच्या खोलीत शिवणयंत्रं दुरुस्त करतो, म्हणून दोन्ही वेळचं औषध त्यानं स्वतःकडे घेतलं. चमच्याला उरलेलं तो चाटायचा, बक्षीस म्हणून. बिट्टीचं खाणंही सुधारलं. एरवी एक उकडलेलं अंडं खायला तासभर लावणारी पोर आता ताटलीत काही ठेवत नव्हती. संत्रं दिलं तर साल ठेवायची नाही. बियाही नाहीत. एकदा मी अंडं सोलायला विसरले, तर तिनं ते कवचासकट खाल्लं. कुर्रकुर्र आवाज आला म्हणून माझं लक्ष गेलं.

"अगं, ते टाकायचं असतं!"

"का?" तिनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

कारखान्यात काका चहा संपल्यावर चोथा खायला लागले. शिक्केबाई लेबलांचा डिंक ओल्या स्पंजऐवजी जिभेनं लावायला लागल्या, आणि मग लेबल लावायचंच विसरायला लागल्या. मी शास्त्र शिकलेली बाई आहे. मी हिशेब केला: जिभेवरच्या चवीच्या पेशी दहा-बारा दिवसांत झडतात आणि नव्या येतात. झाकण कितीही घट्ट बसलेलं असो, ते पेशींबरोबर झडून जाईल. मी कॅलेंडर पाहिलं. पंधरा दिवस झाले होते. मग मी दुसरं काहीतरी काम काढलं.

४

सोमवारी अकरा वाजता मला एक पावडर हवी होती. वजनघराला जाड दार आहे, आत वारा जाऊ नये म्हणून रबरी कडांचं, आणि त्याला पाटीएवढी काच. दाराला हात लावला तर आतून आवाज येत होता. कुणीतरी कूर्चा चघळतंय असा, सावकाश, मधूनमधून थांबत.

काका स्टुलावर बसले होते. तराजूच्या ताटलीत रक्ताचे थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबागणिक आकडा वाढत होता. त्यांचा डावा हात तोंडाशी होता. करंगळी नव्हती. तिच्या शेजारच्या बोटाचं काम चाललं होतं.

मी किंचाळले असेन, कारण साहेब धावत आले. ते काकांच्या अंगावर झेपावले आणि त्यांनी तो हात खाली खेचला. काकांनी मान वळवली आणि साहेबांचा कान धरला. दातांनी. एक हिसका, दुसरा हिसका, आणि कान सुटून आला. साहेब गुरासारखे ओरडत दारावर आदळले, काचेवर लाल पंजा उमटला. काकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच मला कुणाला पटवून देता येत नाही. पाव तोडताना आपला चेहरा जसा असतो, तसाच त्यांचा होता.

खालच्या मजल्यावरचे चौघं आले आणि त्यांनी त्यांना जमिनीवर दाबून धरलं. एकाचा अंगठा गेला. काकांचं डोकं फरशीवर आपटलं, कपाळ फुटलं, तरी ते माझ्याकडे बघून नेहमीच्याच लाडक्या आवाजात बोलत होते.

"पोरी, दुखतं, नाही असं नाही. पण नको म्हणावंसं वाटत नाही बघ. कशालाच."

मी शिक्केबाईंना हाक मारायला वळले. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. फरशीवरून रक्ताचा ओघळ त्यांच्या चपलेपर्यंत आला होता. त्या हळूच उकिडव्या बसल्या, साडीचा पदर खोचला आणि एक बोट त्यात बुडवलं. पुढचं मी पाहिलं नाही. मी पळत सुटले. घरी एकटा नवरा होता आणि पोर.

५

दुपारचे बारा. रस्त्यावर ऊन, दुकानं उघडी, लोक आपापल्या कामात. घराचं दार नुसतं लोटलेलं. पुढच्या खोलीत एक यंत्र उघडून ठेवलेलं, चाक अजून हलकेच फिरत होतं. रेडिओवर बाजारभाव चालू होते.

स्वयंपाकघरातून तोच आवाज येत होता.

नवरा खुर्चीत बसला होता आणि बिट्टी त्याच्या मांडीवर. तिची पाठ माझ्याकडे होती. त्याचा उजवा हात तिनं दोन्ही हातांनी धरला होता, कणीस धरतात तसा. टेबलाच्या कडेवरून थेंब खाली पडत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता, आणि तो हसला.

"श्श," तो म्हणाला. "मध्ये बोलू नकोस. पोटभर खातेय गं. कधी नव्हे ती पोटभर खातेय."

मी तिला मागून धरून ओढलं. ती सुटेना. मी जबड्यात बोटं घालून तिला सोडवलं आणि दोघी जमिनीवर पडलो. ती माझ्यावर चिडली नाही, रडली नाही. तिनं बाहीनं तोंड पुसलं. त्याच्या हाताचं मनगटापासून कोपरापर्यंत काय झालं होतं ते मी लिहिणार नाही. एक सांगते, सगळ्या खुणांमध्ये समोर दोन दातांची फट होती.

मी टॉवेल आवळून बांधला. माझ्या ओठांवर रक्त उडालं होतं, ते मी जिभेनं टिपलं आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "हे कशानं झालं?" मी तयारच होते. खरं बोलले असते तर त्यांनी पोर माझ्याकडून काढून घेतली असती, जाळीच्या खोलीत ठेवली असती, आणि तिथे तिचं तोंड कुणी कसं उघडलं असतं ते मला चांगलं माहीत होतं.

"तिला फिट आली," मी म्हणाले. "त्यानं दातांत हात घातला."

डॉक्टरांनी मान हलवली. "असा हात घालू नये कधी. बाई, औषध वेळच्या वेळी देत जा."

६

नवऱ्याला ठेवून घेतलं. मी बिट्टीला घेऊन घरी आले, कडी लावली आणि एक्केचाळीस नंबरची बाटली मोरीत ओतली. जुनं औषध काढलं, जसंच्या तसं, काही न झाकलेलं. बावीस वर्षं मी ज्याच्याशी लढले तोच कडूपणा मला आता परत हवा होता. पोरीनं एकदा तोंड वाकडं करावं, एकदा शहारावं, नको म्हणावं. बास, एवढंच. ते झालं की ती वाचली. नाही झालं तर एक दिवस ती कशाला तरी तोंड लावेल आणि तिला थांबवणारं तिच्या आत कुणीच नसेल.

सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात. मी चमचा भरायचे आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. ती प्यायची आणि म्हणायची, "अजून?"

घरातलं तोंडात घालण्यासारखं सगळं मी उचललं. साबण, मेणबत्त्या, खडू, फरशीचं पाणी, सगळं माळ्यावर टाकून शिडी शेजारणीकडे दिली. बिट्टीनं उशीचं टोक खाल्लं. चपलेचा पट्टा खाल्ला. मी तिला गोष्टी सांगायचे, केस विंचरायचे, तिला कुशीत घट्ट धरून बसायचे. एवढी जवळ ती मला कधीच बसू देत नव्हती. औषधानं आमच्यात वैर आणलं होतं. आता ती दिवसभर माझ्या अंगावर होती आणि खरं सांगते, मला ते आवडत होतं.

तिसऱ्या दिवशी शिक्केबाईंचा फोन आला.

"साखरबाई, एक फॉर्म अर्धवट राहिलाय. मी पुढे रकाने वाढवलेत. तुम्हाला कडू परत कधी लागलं ते सांगता का?"

"अहो बाई, तुम्ही बऱ्या आहात ना? काका कसे आहेत?"

"काका गेले. कडू परत कधी लागलं?"

"मला काही झालेलंच नाही," मी म्हणाले. "मी प्रत्येक वेळी थुंकत होते."

"थुंकत होतात खऱ्या. पण काकांनी शेवटचा नमुना तेवढा गिळला. तुम्ही एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चाखलेत. सगळ्यांत झाकणारा पदार्थ तोच, फक्त प्रमाण वेगळं." पलीकडे काहीतरी चावल्याचा आवाज आला. "घाई नाही. आठवलं की कळवा."

मी फोन ठेवला. बाईंचं डोकं फिरलं होतं, दुसरं काय. खात्री करून घ्यावी म्हणून मी बिट्टीच्या औषधाचा थेंब जिभेवर घेतला. लागला की कडू. म्हणजे लागला असणार. घशात कोरड होती, नीट कळलं नाही.

पाचव्या दिवशी तिला अंघोळ घालताना तिच्या दंडावर मागच्या बाजूला एक खूण दिसली. दातांची, ताजी, कडेनं निळी पडलेली. पोरीनं स्वतःलाच चावून घेतलं, असं माझ्या मनात आलं. पण तिथवर तिचं तोंड पोचत नाही. आणि खुणेत समोर फट नव्हती, ओळ अगदी सलग होती. मग नवऱ्याचं काम असणार. त्याला इस्पितळात जाऊन पाच दिवस झाले होते, पण काही जखमा उशिरा दिसू लागतात. मी मलम लावलं.

"दुखतं का गं?"

"नाही," बिट्टी म्हणाली.

तिच्या या 'नाही'नं मला रडू आलं, कारण ते चुकीचं होतं.

७

सातव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात छान उजेड होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती खोकायची आणि बंद पडायची. साडेसात वाजले. मी बिट्टीला टेबलावर बसवलं, चमचा भरला आणि तिच्या तोंडात दिला.

तिच्या भुवया जवळ आल्या. नाकपुड्या आकसल्या. जीभ बाहेर आली, खांदे उडाले आणि सगळं औषध फुर्रकन टेबलावर पडलं.

"शी!" ती म्हणाली. "कडू! आई, कडू आहे!"

बावीस वर्षांत इतका सुंदर शब्द मी ऐकला नव्हता. मी हसायला लागले आणि हसता हसता हुंदके यायला लागले. माझी पोर परत आली होती. तिला नको म्हणता येत होतं. आता ती सालं टाकणार, बिया थुंकणार, कपाटामागे लपणार. मी तिला जवळ ओढलं. तिच्या कपाळाचा मुका घेतला, गालांचा घेतला, औषधानं चिकट झालेल्या छोट्या बोटांचा घेतला. त्या बोटांना तिचाच वास येत होता, लहानपणापासूनचा.

"नको," ती म्हणाली.

नको! म्हण, म्हण, अजून म्हण. शंभर वेळा म्हण. औषध नको ना? नाही देत. आज राहू दे.

"आई, नको. आई!"

ती रडायला लागली होती. पायांनी मला ढकलत होती, टेबल हलत होतं, चमचा खाली पडला. मला वाटलं फिट येतेय, म्हणून मी तिला आणखी घट्ट धरलं. पण ती शुद्धीवर होती. ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती, डोळे फाडून, आणि दुसऱ्या हातानं माझे केस उपटत होती.

"सोड ना आई! दुखतंय!"

सोडते बाळा, आत्ता सोडते, असं मला म्हणायचं होतं. पण माझं तोंड भरलेलं होतं.